देवांचे अर्थ

सणासुदीच्या दिवसांत आपल्याकडे फराळाच्या ताटाबरोबर आणखी एक पदार्थ घरोघर फिरत असतो. त्याचे नाव 'अर्थ'. गणपती बसले की त्यांचा अर्थ येतो, नवरात्र आले की देवीच्या हातांतील एकेका आयुधाचा अर्थ येतो, आणि दिवाळीत तर पणतीपासून करंजीपर्यंत कोणतीही वस्तू अर्थावाचून सुटत नाही. गणपतीचे कान सुपासारखे का? तर पुष्कळ ऐकावे आणि फोल ते पाखडून टाकावे म्हणून. डोळे बारीक का? सूक्ष्म पाहावे म्हणून. पोट मोठे का? दुसऱ्याचे अपराध पोटात घालावे म्हणून. उंदराबद्दल मात्र एकमत नाही. कोणी त्याला वासना म्हणतात, कोणी काळ म्हणतात, कोणी कुतर्क म्हणतात. आमच्या न्हावा-शेव्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला सांगितले की, उंदीर म्हणजे उंदीर, भाताच्या कणगीत शिरतो तो. देव त्याच्यावर चढून बसला आहे हेच पुष्कळ झाले. सगळ्या अर्थांत मला हा प्रामाणिक वाटतो.

मी पेशाने शिक्षक, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा, आणि शिक्षणाने मॅट्रिक. तेव्हा संस्कृत ग्रंथ उघडून 'मूळ अर्थ असा' असे ठणकावून सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु या दोन्ही धंद्यांत प्रतीकांशी रोज गाठ पडते. वर्गातली मुले विचारतात, "गुरुजी, देव खरा असतो की प्रतीक असतो?" (प्रतीक नावाची दोन मुले त्याच वर्गात बसलेली असतात, आणि ती खरी आहेत याबद्दल मला तरी शंका नाही.) कादंबरीचे वाचक विचारतात, त्या पडक्या विहिरीचा अर्थ काय? लेखकाला ठाऊक असते की, विहिरीचा अर्थ एका वाक्यात सांगता आला असता तर ते वाक्यच लिहून भागले असते. विहीर खणण्याचे कष्ट कोण कशाला घेईल?

अर्थ सांगू नये असे माझे म्हणणे नाही. 'का' विचारणारे एखादे मूल वर्गात असले की तास बरा जातो. मला खटकते ते वेगळेच. देवांच्या रूपांतून आपण जे अर्थ काढतो, ते बहुतेक वेळा आपल्याला सोयीचेच कसे निघतात? पुष्कळ ऐकावे, कमी बोलावे, मन मोठे ठेवावे. यांपैकी एकाही उपदेशाने कोणाची दमडी खर्च होत नाही. सांगणारा प्रसाद घेतो, ऐकणारा मान डोलावतो, आणि दोघेही घरी जाऊन पूर्वीइतकेच बोलतात.

पंढरीच्या विठोबाचे घ्या. त्याचे हात कमरेवर का? याचे एक जुने उत्तर असे की, माझ्या भक्तांना भवसागर एवढाच, कमरेइतकाच खोल आहे, असे तो दाखवितो. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकात ही कल्पना आहे, आणि ती मोठी गोड आहे. बुडणाऱ्याला धीर येतो. पण हातांवरून नजर खाली आणावी आणि पायाखालच्या विटेकडे पाहावे. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. देव दारात आला. आणि पुंडलिकाने हातातले काम न सोडता एक वीट मागे सरकवली, की बाबा, यावर जरा थांब. देव थांबला तो थांबलाच. आता या विटेचा अर्थ काय सांगायचा? तो कमरेवरच्या हातांइतका गोड निघत नाही. आषाढीला टाळ घेऊन निघालेला मुलगा आणि मागे घरात खोकत पडलेला बाप यांच्या मध्ये ती वीट येऊन पडते. म्हणूनच की काय, हातांचा अर्थ सांगणारे मला पुष्कळ भेटले, विटेचा सांगणारे फार थोडे.

याच विठोबाच्या दारात १९४७ साली घडले ते आपल्याला ठाऊक आहे. सर्व जातींची लेकरे विठोबाची, हे कीर्तनांतून शतकानुशतके सांगितले जात होते. आणि अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला मात्र नामदेव पायरीपाशी, चोखोबाच्या समाधीपाशीच थांबावे लागत होते. साने गुरुजींनी या अर्थाचे आणखी एक निरूपण केले असते तर कोणाचीच हरकत नव्हती. त्यांनी तो अर्थ शब्दशः घेतला. मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर हिंडले, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दार उघडण्याचे ठरले तेव्हा, १० मे रोजी, उपोषण सुटले. गुरुजीही एके काळी अमळनेरच्या शाळेत मास्तरच होते आणि कादंबऱ्याही लिहीत. (त्यांचे नाव घेताना आम्हां मास्तर मंडळींची छाती उगीचच फुगते, वाचकांनी एवढा अपराध पोटात घालावा. मोठ्या पोटाचा अर्थ वर सांगितलाच आहे.)

ती मूर्ती तीच होती, कीर्तनेही तीच होती. फरक एवढाच की, एका माणसाने मूर्तीचा अर्थ स्वतःला लावून घेतला. तेव्हापासून, म्हणजे हा प्रसंग मला कळू लागला तेव्हापासून, कोणी देवाचा अर्थ सांगू लागला की माझ्या मनात एक मास्तरी प्रश्न उभा राहतो: या अर्थाने कोणाचे काय जाते? काहीच जात नसेल तर तो अर्थ ऐकायला छान असेल, पण तो देवाचा आहे की आपला, याची शंका येते.

असा प्रश्न मनात यायला माझे गावही कारण आहे. न्हावा आणि शेवा ही खाडीकाठची दोन निरनिराळी गावे; बंदराने त्यांना एका जोडनावात बांधून टाकले. १९८९ साली येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्याआधी या पट्ट्यात भाताची खाचरे होती, मिठागरे होती, आणि आगरी-कोळ्यांची जाळी होती. आता कंटेनर एकावर एक रचलेले दिसतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून शिवडीहून निघालेला माणूस चहाची चव तोंडात आहे तोवर आमच्या बाजूला उतरतो. अशा ठिकाणी देवांच्या अर्थांना पुस्तकात स्वस्थ बसता येत नाही. जमीन गेली, खाडी गेली, पैसा आला. प्रत्येक घरात देव्हाऱ्यापाशी येऊन कोणीतरी विचारतोच, की आता याचा अर्थ काय?

नारळी पौर्णिमेचेच पाहा. नारळाचा अर्थ शहरात मी असा ऐकला आहे की, करवंटी म्हणजे अहंकार, ती फुटली की आत शुभ्र निर्मळ आत्मा. ठीक आहे. पण आमचे कोळी त्या दिवशी नारळ फोडत नाहीत. सोनेरी कागदात गुंडाळून, मिरवीत नेऊन, अख्खा दर्यात सोडतात. आत्मा आतच राहतो. १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी असते, आणि कायदा नव्हता तेव्हाही पावसाळ्यात माणसे होड्या ओढून ठेवीत. मासळीची वीण असते. मग पौर्णिमेला दर्याला विनवायचे, की आता शांत हो, आम्ही येतो. एका जुन्या तांडेलाला मी विचारले होते, "दादा, दर्यात खरेच देव आहे असे वाटते का?" तो म्हणाला, "ता मना काय ठाव, गुरुजी. पन नासका नारल देऊन चालनार नाय."

त्याच्या या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. समुद्र हे केवळ औदार्याचे प्रतीक असेल, तर नारळ नासका की चांगला याने काय बिघडते? प्रतीकाला वास येत नाही. परंतु ज्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार आहे, ज्याच्याकडून उद्या काही घ्यायचे आहे, त्याला चांगलाच नारळ द्यावा लागतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने एकदा विचारले, "गुरुजी, जिथे भराव टाकला तिथे पण दर्याच होता ना? मग तिथल्या देवाला कुणी विचारलं का?" मुले हसली. मी हसलो नाही, उत्तरही दिले नाही. ते देण्याचे काम एकट्या शाळामास्तराचे नव्हे. औदार्याचे प्रतीक भिंतीवरच्या चित्रातही सुखाने राहील, खाडीत कितीही माती टाका. तांडेलाचा दर्या तसा राहू शकत नाही. त्याला मासळीची वीण लागते, तिवरे लागतात, भरती-ओहोटीला जागा लागते. समुद्राला नुसते रूपक मानणे त्याला भराव टाकणाऱ्याच्या किती पथ्यावर पडते, हे आमच्याकडे आल्यावाचून कळायचे नाही.

गणपतीच्या बाबतीत तर आपण सगळेच तत्त्वज्ञ असतो, फक्त आपल्याला ते ठाऊक नसते. पेण आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या कारखान्यांत मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात, आणि कारागीर सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी करतो. आखणीपूर्वीचा गणपती माती असतो. आखणीनंतर त्याच्याकडे पाठ करून बिडी ओढायला कारागीर बाहेर जातो. दीड दिवसाने, पाच दिवसांनी, दहा दिवसांनी आपणच त्याला पाण्यात सोडतो, आणि सोडताना घरातली लहान पोरे हमसून रडतात. देव मूर्तीत नाही हे ज्ञान आणि देव चालला हे दुःख, दोन्ही एकाच पाटावर. मला वाटते, अर्थ आणि देव यांचे भांडण आपल्या आजीआज्यांनी इतके सहज मिटविले होते की आपल्याला व्याख्यानमालांची गरज पडावी याचे त्यांना नवल वाटले असते.

सरस्वतीकडे मी जरा भीत भीत वळतो, कारण तिच्या दरबारात माझी नोकरी आहे. दसऱ्याला मुले पाटीवर तिचे चित्र काढतात; एकाच्या आकड्यांची ती उभी-आडवी नक्षी. हंस नाही, वीणा नाही, नुसते एक, एक आणि एक. मला ते चित्र फार आवडते, कारण ते पहिलीतल्या पोरालाही काढता येते. पण विद्येची देवता बाई आहे, हे ज्या समाजाला एवढ्या काळापासून ठाऊक होते, त्या समाजात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण आणि दगड आले. टाकणाऱ्यांच्या घरात दसऱ्याला पाटीपूजन चुकले नसेल. वीणेचा अर्थ, हंसाचा अर्थ, शुभ्र वस्त्राचा अर्थ, सगळे त्यांना पाठ असणार. ती बाई आहे एवढ्या एका गोष्टीचा अर्थ मात्र कोणी लावला नव्हता. आमच्या वर्गात दोन्ही तसबिरी शेजारी शेजारी लावल्या आहेत. एक काढावी असे कोणी कोणी सुचवितात, कोणती ते सुचविणाऱ्यावर अवलंबून असते. मी खिळे घट्ट ठोकले आहेत.

आणि लक्ष्मी! दिवाळीच्या अंकात तिला टाळून कसे चालेल? कमळावर उभी असलेली, चार हातांची, जरीकाठी साडी नेसलेली जी लक्ष्मी आपल्या डोळ्यांसमोर येते, ती पुष्कळशी राजा रविवर्म्याची आहे. १८९४ साली त्याने मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि त्या चित्रांनी घरोघरच्या भिंती भरल्या. हातातून मोहरा ओतणारी लक्ष्मी पुढे कॅलेंडरवाल्यांनी लोकप्रिय केली, आणि तीच आज दुकानांच्या गल्ल्यावर बसली आहे. परंतु लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण आणखी एका लक्ष्मीला हळदकुंकू वाहतो. ती कोपऱ्यात उभी असते, शिंदीच्या पात्यांची, नवी कोरी केरसुणी. तिला 'लक्ष्मी' म्हणतात, तिला पाय लागला तर नमस्कार करतात, तिन्हीसांजेला घर झाडीत नाहीत. अलक्ष्मीला हाकलणारी ती लक्ष्मी, असा तिचा अर्थ सांगतात, आणि माझ्या मते तो खरा आहे. तिला झिजावे लागते. मात्र सकाळी रस्ता झाडणाऱ्या बाईच्या हातातही हीच लक्ष्मी असते. त्या हाताला लक्ष्मीपूजनाचे हळदकुंकू लावणारे घर माझ्या पाहण्यात अजून आलेले नाही.

लक्ष्मी विष्णूबरोबर आली तर गरुडावरून येते आणि एकटी आली तर घुबडावरून येते, असे जुनी माणसे म्हणत. आमच्याकडे ती कशावरून आली? जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथला शेतकरी रस्त्यावर उतरला, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबार झाला, पाच माणसे गेली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत, हे तत्त्व त्या लढ्यातून आले. इतक्या किमतीने आलेली लक्ष्मी. कोणी तिच्यावर घरे बांधली, मुलांना इंजिनिअर केले. कोणी गाडी घेतली, हळदीच्या रात्री गावजेवण घातले, आणि पाच वर्षांनी त्याच गाडीवर दुसऱ्याचा ड्रायव्हर झाला. याचा दोष त्या माणसांना देणारे शहरी लोक मी पाहिले आहेत. पिढ्यान् पिढ्या जमीन हेच ज्याचे धन, त्याला रोख रक्कम हातात धरायची कशी हे कोणी शिकविले होते? पण मला येथे दुसरेच सांगायचे आहे, आणि त्यासाठी वाचकांना जरा समोरच्या बेटावर न्यावे लागेल.

न्हाव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की घारापुरीचा डोंगर समोर दिसतो. जगातून लोक ते पाहायला येतात. १९८७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. मुंबईच्या दिव्यांसमोर असूनही या बेटावर समुद्राखालच्या तारेने वीज पोचली ती २०१८ साली. जो दगडी हत्ती पाहून पोर्तुगीजांनी त्याला एलिफंटा म्हटले, तो हत्तीही आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात उभा आहे. पण लेणे आहे तिथेच आहे, सुमारे सहाव्या शतकापासून.

बाहेरच्या उन्हातून आत गेले की पहिली दोन मिनिटे काही दिसत नाही. मग समोरच्या अंधारातून एक प्रचंड चेहरा हळूहळू पुढे येतो, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन. लोक त्याला त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश अशी वाटणी करून मोकळे होतात. जाणकारांच्या मते तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. मधले शांत, मिटल्या डोळ्यांचे. आपल्या डाव्या हाताला आहे ते अघोर: कपाळाला आठी, ओठावर मिशी, हातात साप. उजव्या हाताचे वामदेवाचे, कोणी त्याला उमेचे मुख म्हणतात: नाजूक, स्त्रीचे वाटावे असे, जवळ कमळ. मुलांची सहल नेली की मी अर्थ सांगायच्या आधी त्यांना पाच मिनिटे गप्प उभे करतो. एकदा एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, याला राग पण येतो, पण मधला त्याला सोडत नाही." यावर मी काही भर घातली नाही.

या मूर्तीच्या डाव्या अंगाला, पूर्वेच्या बाजूस, अर्धनारीश्वर आहे. नंदीला टेकून उभा. उजवी बाजू शिवाची, डावी पार्वतीची. एका हातात साप, दुसऱ्या हातात आरसा. पायांकडचा भाग भग्न झाला आहे, लेण्यातल्या बऱ्याच मूर्तींचा झाला आहे. याचा अर्थ प्रकृती आणि पुरुष यांचे ऐक्य, असे पुस्तकांत असते. चांगला भारदस्त अर्थ आहे. त्याने कोणाचे काय जाते हा माझा मास्तरी प्रश्न येथे विचारून पाहावा. ऐक्य म्हटले की काहीच जात नाही. पण मूर्ती ऐक्य म्हणत नाही, मूर्ती 'अर्धे' म्हणते. अर्धे म्हणजे किती, हे चौथीतल्या मुलाला येते. कारागिराने पार्वतीला देवाच्या शेजारी लहानशी उभी केलेली नाही, मांडीवर बसविलेली नाही. त्याच देहाचा निम्मा भाग तिला दिला आहे, आणि तोही कपाळापासून.

आणि समोरच्या किनाऱ्यावर, आमच्या गावात, मुलीच्या नावाचा कागद येतो तो हक्कसोडपत्राचा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली कायदा बदलून हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा दिला. मोबदला वाटायचा असो की साडेबारा टक्क्यांचा भूखंड नावावर करायचा असो, वारस म्हणून बहिणीची सही लागते. म्हणून बहिणीची आठवण होते. सही केली नाही तर माहेर तुटते, ही भीती कोणी घालावी लागत नाही. ती साडीच्या ओच्यात बांधूनच मुली सासरी गेलेल्या असतात.

गेल्या काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई असा कागद घेऊन शाळेत आली. गावात मास्तराला कागद वाचून दाखविण्याचे काम असतेच. ती बाकाच्या कडेला बसली. "गुरुजी, यान मना काय मिलतंय ता वाचून दावा."

मी वाचला. मग म्हणालो, "ताई, यात तुम्हाला मिळण्याचे काही नाही. तुमचा हिस्सा तुम्ही भावाला सोडता आहात, असे लिहिले आहे."

"ता मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "पन कसा लिवलाय ता वाचा."

मी पुन्हा वाचले. 'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता' या शब्दांपाशी तिने हात वर केला, वर्गात मुलगी करते तसा. "खुशी हाय का ता कुनी इचारलाच नाय," ती म्हणाली, आणि थोडी हसलीही.

कायदा काय म्हणतो ते मी तिला सांगितले. सही करावी की करू नये हे सांगितले नाही. भाऊ वाईट नव्हता. ती आजारी असताना दवाखान्यात रात्रभर बसलेला तोच. त्यालाही दोन मुली होत्या आणि डोक्यावर कर्ज होते. मी एवढेच म्हटले की, सही आजच केली पाहिजे असे कागदात कुठे लिहिलेले नाही. तिने कागदाची घडी केली आणि बाजाराच्या पिशवीत ठेवली. पिशवीत उटणे होते, पणत्या होत्या, आणि भाऊबिजेचा करदोडा होता.

भाऊबिजेची कथा आपल्या सर्वांना लहानपणापासून पाठ आहे. यमाला यमुनेने जेवायला बोलाविले, तो गेला, तिने ओवाळले, आणि त्याने तिला वर दिला. या दिवशी बहिणीने ओवाळले की भावाचे आयुष्य वाढते, हा तिचा रूढ अर्थ. मला त्या कथेत दुसरेच एक चित्र दिसते. सगळ्या जगाच्या दारात जो न्यायला जातो, तो बहिणीच्या दारात मात्र पाटावर बसला आहे आणि ताटात काय घालावे याचा विचार करतो आहे.

त्या वर्षी तिचा भाऊ आला. तिने त्याला ओवाळले, त्याने ताटात साडी घातली, जेवण झाले, कागदाचा विषय दोघांनीही काढला नाही. तिच्या मुलीने ही हकीगत मला सांगितली. ती मुलगी आता उरणला कॉलेजात जाते. परवा भेटली तेव्हा मी विचारले. कागद अजून आईच्या डाळीच्या डब्यामागे आहे, म्हणाली. सही केलेली नाही आणि फाडलेलाही नाही. मामा दर वर्षी येतो. गेल्या वर्षी त्याने आपल्या दोन्ही मुलींना बरोबर आणले होते, आणि जेवताना आईने त्यांना आपल्या दोन्ही बाजूंना बसविले होते.